तेरा गडी टिकवताना

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेकआउटबरोबर येणाऱ्या केचपच्या पुड्या किचनच्या ड्रॉवरमध्ये साठत जातात, तसे ते साठतात. मग एक दिवस ड्रॉवर बंद होईनासा झाला की कुणाला तरी समोर बसवून ऐकवावे लागतात. आज तुम्ही सापडलात.

मी मिलिंद. मूळचा सांगलीचा, गेली चौदा वर्षं ह्यूस्टनजवळ शुगर लँडला. पाइपलाइन कंपनीत इंजिनिअर आहे, आणि चार वर्षांपासून एका रग्बी टीमचा मॅनेजर. हसून घ्या. सगळेच हसतात.

झालं असं की आमच्या ऑफिसात गॅरी नावाचा ऑस्ट्रेलियन आहे. साठीचा गडी, समोरच्या प्रत्येकाला 'मेट', म्हणजे दोस्त म्हणतो, वेल्डिंग तपासायचं काम करतो, आणि बाकीच्या वेळात रग्बी लीगच्या टीमला कोचिंग देतो. त्याला एक्सेल येणारा माणूस हवा होता. मी आपला बघायला म्हणून एका शनिवारी गेलो. एक जण बॉल छातीशी धरून समोरच्यांत घुसतो, चौघं मिळून त्याला पकडून पाडतात, तो उठतो, पुन्हा घुसतो. कॉलेजात कबड्डी खेळलेल्या माणसाला ओळख पटायला किती वेळ लागणार? हाफ टाइमला मी मॅनेजर होतो.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. रग्बीचे दोन प्रकार. एक पंधरा जणांचा, त्यात अमेरिकेतले काही क्लब आता पगार देतात. दुसरा आमचा, तेरा जणांचा. यात कुणालाही काहीही मिळत नाही, जर्सीसुद्धा धुऊन परत द्यावी लागते. त्यामुळे आमच्याकडचा कुणी जरा बरा खेळायला लागला की पंधरावाले येऊन त्याला उचलतात. आणि आमच्या लीगचा नियम असा, की एका सीझनमध्ये दोनदा तेरा गडी उभे करता आले नाहीत तर टीम बाद. म्हणजे माझं खरं काम एकच. शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून तेरा मोजणे.

*

पहिला गेला तो ब्रँडन. जिममध्ये ट्रेनर होता, पायात वारं भरलेला. त्याला ऑस्टिनकडच्या एका क्लबने बोलावलं. पगार म्हणाल तर जेमतेम होता. गॅरीने त्याला विचारलं, "मग जातोयस कशासाठी?"

ब्रँडन म्हणाला, "अपार्टमेंट देतायत. वॉशर-ड्रायर घरातच आहे."

गॅरीने मान माझ्याकडे वळवली. मग मला म्हणाला, "चाळीस वर्षं या खेळात आहे. पैशासाठी गेलेले पाहिले, बाईसाठी गेलेले पाहिले. कपड्यांसाठी गेलेला हा पहिला."

मी घरी येऊन हे वैदेहीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. मला वाटलं हसेल. पहिली तीन वर्षं ती कपड्यांची बास्केट घेऊन अपार्टमेंटच्या तीन मजल्यांचे जिने उतरायची, हे मी साफ विसरलो होतो.

ती म्हणाली, "मी पण गेले असते."

*

टीमचा अधिकृत पत्ता म्हणजे आमचं घर, कारण सगळं सामान आमच्या गॅरेजमध्ये. एका रविवारी मी ग्रोसरीला गेलो असताना पोलो शर्टातला एक माणूस दारात आला. "टीमबद्दल बोलायचं होतं," म्हणाला. वैदेहीने त्याला आत बसवलं. दारात आलेल्या माणसाला उभ्या उभ्या घालवणं तिला जमत नाही. पोहे झालेलेच होते. त्याने दोनदा घेतले.

मी परत आलो तर तो निघून गेला होता.

"किती सभ्य माणूस," वैदेही म्हणाली. "प्रत्येकाची चौकशी करत होता. कोण कुठे काम करतं, कुणाला काय अडचण आहे. त्या उंच मुलाची नोकरी गेलीय ना, ते पण सांगितलं मी. त्याचा नंबर पण दिला. आणि जाताना थोडे पोहे बांधून दिले."

तो पगारी क्लबसाठी खेळाडू हेरणारा स्काउट होता. उंच मुलगा पंधरा दिवसांत गेला.

पण खरी कमाल पुढे आहे. महिन्याभराने तो स्काउट डबा परत करायला आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इंडियन लोकांचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून आत बायकोने केलेल्या कुकीज भरून आणल्या होत्या. वैदेही इतकी खूश झाली की तिने त्याला चहा दिला. मी त्या वेळी घरातच होतो, समोर बसलो होतो, आणि तरीही तो जाताना आमच्या कॅप्टनचा चुलतभाऊ घेऊन गेला.

गॅरीने मला विचारलं, "तू काय करत होतास?"

खात होतो. कुकीज चांगल्या होत्या.

*

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी हे रडगाणं देशपांडे काकांपुढे गायलं. काका पुण्यातल्या एका कारखान्यात आयुष्यभर पर्सोनेलमध्ये होते, आता मुलाकडे राहतात.

"बाँड लिहून घे," काका म्हणाले. "आमच्याकडे ट्रेनी पोरांकडून घ्यायचे. मग बघ कोण हलतो."

गॅरीला कल्पना आवडली. टीममध्ये डेरेक नावाचा एक वकील होता, त्याच्याकडून आम्ही रीतसर करार लिहून घेतला. सीझन संपेपर्यंत टीम सोडणार नाही, असा. त्याने तो मनापासून लिहिला, तीन पानं झाली. सगळ्यांनी सह्या केल्या. मी फाइल केली. गॅरीने बिअर पाजली.

तीन आठवड्यांनी पहिला माणूस गेला तो डेरेक.

"अरे, पण करार?" मी म्हटलं.

"तो मोडला तर काय होईल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही," डेरेक म्हणाला. "लिहितानाच माझ्या लक्षात आलं होतं."

*

कुणी जायला निघालं की वैदेही त्याच्या हातावर दही घालते. परीक्षेला, प्रवासाला, मोठ्या कामाला निघालेल्याला आपण घालतोच. इथे पहिल्यांदा ब्रँडनला घातलं. तो बिचारा तळहाताकडे बघत उभा. त्याला वाटलं सनस्क्रीन आहे. त्याने ते कोपराला लावलं. मग वैदेहीने दुसऱ्यांदा दिलं आणि समजावून सांगितलं.

पुढे असं झालं की गेलेले सगळे तिकडे चांगले चमकले. बातमी पसरली. एका सकाळी दार उघडतो तर आम्हाला दरवर्षी हरवणाऱ्या टीमचा एक गडी पोर्चमध्ये उभा. म्हणाला, "माझी दुपारी ट्रायल आहे. ते योगर्ट इथेच मिळतं ना?"

वैदेहीने त्यालाही दिलं. गॅरी त्यावर दोन दिवस धुमसत होता. "तुझ्या बायकोला सांग, निदान दुसऱ्या टीमची माणसं तरी पोचवू नकोस."

*

आता सिओने. हा टोंगा बेटांवरून लहानपणी आलेला, दरवाजाएवढा माणूस. सामान हलवणाऱ्या कंपनीत काम करायचा. एकटा सोफा उचलायचा आणि विचारायचा, कुठे ठेवू. आमच्या टीमची निम्मी ताकद म्हणजे सिओने. आवाज मात्र अगदी हळू.

एकदा प्रॅक्टिसनंतर आम्ही दोघं बर्फाच्या पेटीवर बसलो होतो. ऑगस्टमधला ह्यूस्टनचा दमटपणा, संध्याकाळचे सात वाजले तरी ऊन. त्याच दिवशी मला चँडलर या दुसऱ्या राज्यातल्या शहरातून एका रिक्रूटरचा फोन आला होता. चांगली ऑफर, मोठं पद. मी नाही म्हटलं होतं.

"का?" सिओने म्हणाला.

मी त्याला ग्रीन कार्डची लाइन समजावली. बारा वर्षं झाली उभा आहे. दुसरीकडे जाता येतं, पण नवी कंपनी कितीतरी कागद पहिल्यापासून करणार, आणि मध्येच त्यांनी माणसं कमी केली तर घर, पोरीची शाळा, सगळं उचलून साठ दिवसांत देश सोडायचा. म्हणून मी हलत नाही. कुणीही बोलावलं तरी नाही.

सिओनेने विचार केला. आमच्या खेळात बॉलवाल्याला पाडलं की रेफरी सांगतो, सोडा त्याला, उठू द्या.

तो म्हणाला, "म्हणजे तुला पाडलंय, चौघं अंगावर बसलेत, आणि रेफरी घरी गेलाय."

तेव्हा मी पोट धरून हसलो. गाडीत बसल्यावर मात्र एसी लावून दहा मिनिटं तसाच बसून राहिलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

यंदाच्या सीझनला सिओनेलाही बोलावणं आलं. वेस्ट कोस्टवरचा मोठा क्लब. पगार, राहायला घर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकोसकट हेल्थ इन्शुरन्स. त्याची बायको आना सहा महिन्यांची गरोदर. सोफे उचलण्याच्या कामात इन्शुरन्स नव्हता. आदल्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला तेव्हा दोघं हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पाऊण तास बसून होते, आत जावं की नाही ते ठरवत.

गॅरी भडकला. "आपल्यातलाच कुणीतरी फितूर आहे," म्हणाला. "सिओनेला कुणी पाहिलंय? आपल्या मॅचला वीस माणसं येतात, त्यांतली सहा कुत्री घेऊन आलेली असतात. कुणीतरी आतून कळवतंय. मला सापडला ना तो..."

सिओने गेला तर आम्ही बरोबर तेरा उरणार होतो. एकाचा पाय मुरगळला की बारा. एकदा बारा आधीच झालो होतो. म्हणजे दुसऱ्यांदा झालो की संपलं.

क्लब बदलायला मॅनेजरच्या सहीचं पत्र लागतं. गॅरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिलिंद, ते पत्र सीझन संपेपर्यंत राहू दे तुझ्याकडे. कागद कसा अडकतो ते तुला सांगायला नको."

खरंच नको. देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचा माझा एक फॉर्म कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर आठ महिने पडून होता. विसरला म्हणाला. त्या आठ महिन्यांत माझे वडील गेले आणि मी सांगलीला जाऊ शकलो नाही. ते मी कुणाला माफ केलेलं नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. इरा, माझी मुलगी, इथेच जन्मलेली, तेरा वर्षांची, शेजारी होमवर्क करत होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, काय करू?

तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, जस्ट साइन इट."

दहा मिनिटांत पत्र पाठवलं. गॅरी चार दिवस माझ्याशी बोलला नाही. वैदेहीने सिओने आणि आना दोघांच्या हातावर दही घातलं. सिओनेच्या तळहातावर ते अगदीच एवढंसं दिसत होतं, म्हणून तिने आणखी दोन चमचे घातले.

*

आता शेवटचा, आणि हा अजून मी घरीही सांगितलेला नाही.

सिओने गेल्यावर दोन आठवड्यांनी त्या क्लबच्या ऑफिसातल्या बाईंचा मला मेल आला. सिओने छान रुळलाय, आनाची तब्येत बरी आहे, आणि तुम्ही इतक्या आपुलकीने त्याची शिफारस केलीत म्हणून खास आभार.

मी कसली शिफारस केली? खाली स्क्रोल केलं. टीमच्या मेल अकाउंटवरून गेलेला मेल होता, सोबत मॅचचे व्हिडिओ. लिहिलं होतं, "हा पोरगा आमच्यासाठी फार मोठा आहे. बायको बाळंत व्हायची आहे आणि घरात इन्शुरन्स नाही. गुडघे शाबूत आहेत तोवर घेऊन जा, मेट. उशीर करू नका." खाली सही माझी. मिलिंद, टीम मॅनेजर.

मी आयुष्यात कुणाला मेट म्हटलेलं नाही. त्या अकाउंटचा पासवर्ड दोघांकडेच आहे.

पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं. असे आणखी चार होते. सगळे माझ्या नावाने. सिओनेचं पत्र अडकव म्हणाला, तेही मी अडकवणार नाही हे माहीत असूनच.

त्या गुरुवारी प्रॅक्टिसला गॅरीने सगळ्यांना गोल उभं करून पुन्हा तेच सुरू केलं. फितूर, गद्दार, सापडला तर सोडणार नाही. आमचा कॅप्टन मार्कस म्हणाला, "कोच, कुणीतरी आपल्या मेलमध्ये शिरत असेल. पासवर्ड बदलून टाकू या."

गॅरी बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

"मी बघतो," मी म्हटलं.

मग खेळ सुरू झाला. कोडी नावाचा नवा मुलगा आलाय, दिवसा शाळेची बस चालवतो, बायको आणि दोन लेकरं आहेत. मध्ये एकाचा पाय मुरगळलाच, त्यामुळे याला धरून आम्ही पुन्हा बरोबर तेरा. त्याने बॉल घेतला, तिघांना चुकवलं, चौथ्याला अंगावर घेऊन रेषेच्या पार गेला. मी चार वर्षांत असा पळणारा पाहिलेला नाही.

गॅरीने खिशातून फोन काढला आणि त्याचं शूटिंग करायला लागला. मी मध्ये येत होतो, म्हणून दोन पावलं बाजूला सरकलो.