कसं, कधी, कुठं, किती

निजाम सरकारच्या सबंध मुलुखात क्रियाविशेषणावर जीव टाकणारा माणूस एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, ते इंग्रजी शिकवत. शिकवायचं उर्दूतून, घरी बोलायचं मराठीतून आणि जीव जडलेला इंग्रजी क्रियाविशेषणावर, असा त्यांचा तिपेडी संसार होता. क्रियापदाला लोकांनी उगाच डोक्यावर बसवलंय, असं त्यांचं ठाम मत. म्हणायचे, "तहसीलदार गेला, म्हस गेली, ताप बी गेला. समदे गेलेच की! पर कसं गेले, कधी गेले, कुठं गेले? ते क्रियाविशेषण सांगतं. त्याच्याबिगर वाक्य म्हंजी मिठाबिगर कालवण."

वर्गात ते क्रियाविशेषण चालूनच शिकवत. 'स्लोली' म्हणत खिडकीपर्यंत रेंगाळत जात, 'क्विकली' म्हणत धोतर सावरत परत येत, आणि 'प्राउडली' म्हणत अशी काही मान ताठ करत, की मुलांना हेडमास्तर आठवून हसू आवरत नसे. एकदा खुद्द हेडमास्तरच दारात उभे होते. सासऱ्यांनी तिथल्या तिथे 'पोलाइटली' चार पावलं टाकली आणि तास पुढे चालू ठेवला. क्रियापद बिचारं दावणीला बांधलेलं, पण क्रियाविशेषण शेळीसारखं वाक्यात पुढे, मागे, मधे कुठंही चरून येतं, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर शेळीच्या धन्याचं कौतुक असे. हे वेड मदरशाच्या दाराशी थांबलं असतं तर ठीक होतं. पण नारायणगडाहून आलेल्या शेजारणीनं "दर्शन झालं" एवढंच म्हटलं, की हे ओट्यावरून सुरू. कसं झालं? निवांत का रेटारेटीत? जवळून का लांबून? शेवटी एकदा ती बाई पदर खोचून म्हणाली, "मास्तर, तुमीच जाऊन या की एकडाव!"

लोकांनी हे सगळं हसण्यावारी नेलं, पण घरात लग्नाची मुलगी होती. मुलीनं शाळेत जायचं असतं हे कुणाच्या गावीही नसताना तिला त्यांनी घरीच इंग्रजी शिकवलं होतं. एकुलती एक, सासऱ्यांना 'आबा' म्हणणारी, आणि त्यांच्या जिवाचा तुकडा. पाहुणे बघायला आले की मुलीनं चालून दाखवायचं, सुईत दोरा ओवायचा, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांनी रीत मोडली नाही, फक्त तिला एक पुरवणी जोडली. मुलीचं चालणं झालं की ते नवऱ्या मुलाला म्हणत, "आता तुमी उठा. आडावर जाऊन तांब्याभर पाणी घेऊन या." एक पाहुणे ताट तसंच टाकून उठले. दुसऱ्यांनी गाडी जुंपता जुंपता गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार केला. स्थळं येईनाशी झाली. "पोरीचं वय वाढाय लागलंय, आन तुमी पाव्हण्याला पाणी आणाय लावता!" सासूबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "तिला जलमभर ह्याच्यासंगं चालायचंय," ते म्हणाले, "त्यो कसा चालतो ते बगाय नको?"

आम्ही कडा गावचे. मला घेऊन माझे चुलते गेले होते, आणि चुलत्यांच्या मिशा हे आमच्या घराण्यातलं एक भारदस्त प्रकरण होतं. पाणी आणायची आज्ञा झाली तेव्हा त्या मिशा थरथरल्या. मी मात्र उठलो, कारण मुलगी मला आवडली होती. भरला तांब्या घेऊन परतताना वाटेत एक कोंबडी पिलांचं लटांबर घेऊन आडवी आली. मी थांबलो. शेवटचं पिलू अंमळ आळशी होतं, ते जाईपर्यंत थांबलो, आणि त्या नादात निम्मं पाणी माझ्याच धोतरावर सांडलं. सासऱ्यांनी उरलेलं पाणी घटाघटा पिऊन एकच शब्द उच्चारला, "केअरफुली!" चुलते ताडकन उठले. "शिवी दिली का बे ह्यानं?" तेवढ्यात दाराआडून "जपून, असं म्हणत्यात आबा," असा बारीक आवाज आला, आणि माझं लग्न ठरलं.

लग्नानंतर ते सुगी संपली की कड्याला येत. जवारी कशी आली, बैल कसा चालतो, हे मला खोदून खोदून विचारत. मुलीला मात्र फक्त "जेवलीस का?" त्या एका माणसाच्या वाक्याला त्यांनी कधी क्रियाविशेषण मागितलं नाही. मला याचं नवल वाटे, थोडा रागही येई. एकदा सासूबाईंनीच सांगितलं, "त्येंला भ्या वाटतं. सवताच्या हट्टानं दिली ना पोरगी! कशी हाईस इचारलं, आन तिनं खरं सांगितलं तर?"

शेवटच्या दुखण्यात आम्ही बीडला गेलो तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. ही पायाशी बसून पाय चेपत होती. त्यांनी विचारलं, "नांदतीस?"

"नांदते, आबा."

त्यांचे ओठ हलले. पुढचा प्रश्न ओठांपर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला, पण त्यांनी तो गिळला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ही उठून त्यांच्या उशाशी गेली, कानाशी वाकली आणि त्यांच्याच शिकवणीतल्या खणखणीत उच्चारात म्हणाली, "हॅपिली, आबा."

ते वळले. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हाडाचा मास्तर अर्ध्या उत्तरावर कसा सोडेल? "किती?"

"लई," ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दारात येणारा जो तो "मास्तर गेले?" एवढंच विचारत होता. कसे गेले, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. मी मात्र प्रत्येकाला न विचारता सांगत होतो, "हसत गेले."