भूमितीत अडुसष्ट

निलोफरचे अब्बू, मोहिउद्दीन, नेरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होते. दोन हजार पाचच्या हंगामात कापूस इतका कमी आला की दिवाळीनंतर महिनाभरातच मशिनी थांबल्या आणि अब्बू घरी बसले. निलोफर तेव्हा दहावीला होती. कोणाला न विचारताच तिनं बसस्टँडजवळच्या पुंडलिकरावांच्या झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं.

"बोर्डाचं साल हाय, बेटा. कायले हे लफडं?" अब्बू म्हणाले.

"दोन्ही करतो मी, अब्बू."

दोन्ही होत नाही, हे तिला पंधरा दिवसांत कळलं. सकाळी सातला दुकान, अकराला शाळा, पाचला पुन्हा दुकान. त्यात लोडशेडिंग. लाईट आली की सातबारा अन् दाखले घेऊन खोळंबलेल्या लोकांची एकच झुंबड उडायची. सोबत आणलेलं पुस्तक काउंटरखाली तसंच पडून राही. वर्गात तिचे डोळे मिटायचे. शेजारची मिताली तिला कोपरानं ढोसायची आणि शाळा सुटताना आपली वही तिच्या दप्तरात कोंबायची. "उद्या आणजो फक्त," एवढंच म्हणायची.

जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी गणिताच्या सुहासिनी मॅडम दुकानात आल्या. हातात भूमितीच्या प्रश्नपत्रिकेचं बंद पाकीट होतं. निलोफरला पाहून त्या थबकल्या.

"पुंडलिकराव, कॉप्या तुम्हीच काढा बरं."

"हो मॅडम, तिले हातही लावू देत नाही."

पुंडलिकराव शब्दाचे पक्के होते. पण पहिली प्रत फिकट निघाली. ती त्यांनी सवयीनं बाजूला सरकवली आणि मशीनमध्ये पावडर भरता भरता म्हणाले, "हे फाडून टाक, पोरी." मॅडम तेव्हा बाकावर बसून वह्या तपासत होत्या.

निलोफरनं एक कोरा कागद टराटरा फाडून टोपलीत टाकला. फिकट प्रतीची घडी घालून ती ओढणीत लपवली. हे इतकं सहज जमलं, याचंच तिला पुढं जास्त वाईट वाटत राहिलं.

भूमितीत तिला पंच्याहत्तरपैकी अडुसष्ट मिळाले. मितालीला साठ. मॅडमनी निलोफरला वर्गापुढं उभं केलं. "ही मुलगी काम करून शिकते. आणि तुम्ही? मिताली, तुला तर घरी इकडची काडी तिकडं करावी लागत नाही!" मितालीची मान खाली गेली. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. निलोफरला त्या टाळ्या थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या.

मिताली रागावली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण मधल्या सुट्टीत ती वही घेऊन जवळ आली. "ते वर्तुळाचं प्रमेय तुले कसं जमलं? मले समजावून सांग ना. माह्यं तिथंच चुकलं."

निलोफरनं पेन्सिल घेतली, वर्तुळ काढलं, आणि पुढं तिला काहीच सुचेना. उत्तर तिनं घोकलं होतं. समजलं काहीच नव्हतं.

"काय झालं? रडून काहून राह्यली?"

ती उठली आणि थेट शिक्षकांच्या खोलीत गेली. दारातच उभी राहून तिनं मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी तिला आत बोलावून बसवलं. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तू तिथं दिसलीस तेव्हाच मी पाकीट घेऊन परत फिरायला हवं होतं." तिचे गुण रद्द झाले. मितालीची मॅडमनी भरवर्गात माफी मागितली. पण शाळेचं झेरॉक्सचं काम त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेलं. ते पुंडलिकरावांचं कायमचं, हक्काचं काम होतं.

पुंडलिकराव तिला रागावले नाहीत. कामावरूनही काढलं नाही. "परीक्षा होऊन जाऊ दे, मग येजो," एवढंच बोलले, आणि तिच्याकडं न बघता मशीन पुसत राहिले. ती पुन्हा गेलीच नाही.

मिताली आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं वही पुढं सरकवली. "प्रमेय आता मले येते. बस इथं, सांगतो." फेब्रुवारीभर दोघी रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसत. बोर्डात निलोफरला भूमितीत एक्केचाळीस मिळाले. ते तिचे स्वतःचे होते.

पुढं ती नर्स झाली. आता दारव्ह्याला असते. मितालीच्या पहिल्या बाळंतपणात तीच उशाशी होती. अब्बूंना तिनं परीक्षेचं सगळं सांगितलं, नवऱ्यालाही सांगितलं. माफी मागायची राहिली ती पुंडलिकरावांची. शाळेचं काम गेल्यावर दुकान कसंबसं तीन वर्षं चाललं आणि मग त्यांनी ते बंद केलं, असं तिला मितालीकडून कळलं. ते मुलाकडं महागावला असतात. बसनं तीन-चार तासांची वाट. एकदा सुट्टीच्या दिवशी ती महागावच्या बसमध्ये बसलीसुद्धा होती. जाऊन त्यांना नेमकं काय म्हणायचं, ते ठरेना. कंडक्टर तिकिटाला आला, तेव्हा तिनं वाटेतल्या दिग्रसचं तिकीट मागितलं आणि तिथंच उतरून परत आली.