शेवटचा सरळ टाका

नथ्थूभाऊ मूळचे पाचोऱ्याचे. जळगावात ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान असं नव्हतं. एक सायकल, हँडलला रेक्झिनची पिशवी, पिशवीत पाने, पेचकस, तेलाची कुपी आणि दाढीचा एक जुना ब्रश. महिन्यातून एकदा आमच्या कॉलनीत फेरी असायची. बायका ओट्यावरूनच हाक मारायच्या. कुणाचं मशीन टाके सोडतंय, कुणाचा पट्टा घसरतोय, कुणाची सुई दर दोन दिवसांनी मोडतेय.

मशीनला हात लावण्याआधी ते एकच विचारायचे, "शेवटचा सरळ टाका कशावर पडला?"

मग बाई आठवू लागायची. परवा ब्लाऊज शिवला, तोवर चांगलं होतं. मग गोधडीला शिवण घातली. गोधडी म्हटलं की नथ्थूभाऊ मान हलवायचे आणि नेमका तो एक स्क्रू सैल करायचे. मला वाटायचं, हा माणूस मशीनपेक्षा बायकांच्या बोलण्यातच जास्त दुरुस्ती करतो.

ते संगणकाकडे वळले ते पन्नाशीला आल्यावर. एका घरी शिलाई मशीन बघायला गेले होते, त्या घराच्या खालच्या मजल्यावर संगणकाचा क्लास चालायचा. एक संगणक घरघर करत होता. क्लासच्या सरांना वाटलं, आता हा बाद झाला. नथ्थूभाऊ म्हणाले, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. उघडून पाहिलं तर आतल्या पंख्यात आपल्या जळगावची धूळ दाबून भरलेली. ब्रशने झाडली, तेलाचा एक थेंब सोडला, पंखा गप्प झाला. त्या दिवसापासून रोज तासभर ते क्लासच्या मागच्या बाकावर बसू लागले. शिक्षण सातवीपर्यंतचं. पडद्यावर इंग्रजीत जे येईल ते एकेक अक्षर बघून वहीत उतरवायचे आणि सरांकडून अर्थ विचारून शेजारी मराठीत लिहायचे. वर्षभरात अशा दोन वह्या भरल्या.

आमच्या कॉलनीत तेव्हा पाच-सहा घरी संगणक आले होते. दुकानातून येणारे लोक पुरुषांशी बोलायचे, तेही निम्मं इंग्रजीत. बायकांनी विचारायचं कुणाला? मग जे शिलाई मशीनसाठी यायचे त्यांनाच विचारू लागलो. शेजारच्या पुष्पाबाईंच्या संगणकावर 'न' उमटेना. नथ्थूभाऊंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. पुष्पाबाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत उमटत होता, रविवारी पाहुणे होते. नथ्थूभाऊंनी कीबोर्ड उलटा करून थोपटला, तर टेबलावर चिवडा पडला. आमचा संगणक दुपारी आपोआप बंद व्हायचा, त्याचं कारण मी स्वतः शिवलेलं कव्हर निघालं. टीव्हीला घालतो तसं मी ते घातलेलं असायचं आणि पुढचा भाग फक्त उचलून संगणक चालवायचे. कव्हरला छान पाइपिंग होतं. नथ्थूभाऊ म्हणाले, "वहिनी, शिलाई एक नंबर आहे. पण एप्रिल महिन्यात स्वेटर घालून तुम्ही तरी बसाल का?"

त्यांना एका वाक्याचा मात्र कंटाळा होता. घराघरात लोक म्हणायचे, "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं." ते ऐकलं की नथ्थूभाऊ पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायचे. चहा आला तर चहा प्यायचे. पण बोट लावायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णव साली ते आमच्याच घरी असे बसले.

त्याचं असं झालं. आमच्या सासूबाई यशोदाबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, मूळच्या शिंदखेड्याकडच्या. त्यांना आखाजीची गाणी पाठ होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि ही गाणी म्हणतात. अक्कांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. एक गाणं सुरू करायच्या आणि भलत्याच गाण्यात संपवायच्या. मी लग्नाआधी धुळ्याला मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, आणि आमच्या संगणकावरचा मराठी फाँट त्याच टाइपरायटरच्या पद्धतीने चालायचा. म्हणून मी ठरवलं, अक्कांना शेजारी बसवायचं, त्या म्हणतील ते थेट संगणकावर उतरवायचं आणि आखाजीला येणाऱ्या लेकीबाळींच्या हातात एक लहानशी पुस्तिका द्यायची. पौषापासून सुरुवात केली. देवापुढे दिवा लावून झाला की आम्ही दोघी बसायचो. चैत्र लागेपर्यंत दोनशे चौदा गाणी झाली. कागदावर एकही नव्हतं.

आखाजीला अठरा दिवस राहिले असताना गाण्यांची फाइल उघडली, तर एक अक्षर मराठी नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली, मधूनच उद्गारचिन्हं. मी रडायलाच लागले. आमचे हे, म्हणजे शाळेत गणित शिकवणारे सर, त्यांनी दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने फोनवरच सांगितलं, व्हायरस आहे, उद्या सकाळी दहाला येऊन फॉरमॅट मारतो. फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून नव्याने बसवणं. गाण्यांचं काय, असं मी विचारलं. हे म्हणाले, ती तर गेलीच आहेत, आता निदान संगणक तरी वाचवू.

अक्का पलीकडे झोपाळ्यावर बसून होत्या. त्यांना पुन्हा सगळं म्हणायला सांगावं तर आता निम्मंही आलं नसतं. हे मलाही माहीत होतं आणि ह्यांनाही.

दुपारी मी नथ्थूभाऊंना निरोप पाठवला, आमचं शिलाई मशीन टाके सोडतंय. खोटंच होतं ते. चारच्या उन्हात ते आले, मशीनवर एक चिंधी चालवून पाहिली, शिवण उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "हे मशीन ठणठणीत आहे. तुमचं काय बिघडलंय ते सांगा."

मी त्यांना संगणक दाखवला. त्यांनी पडदा बराच वेळ पाहिला, खालीवर केला, मग आपला प्रश्न विचारला. मी म्हटलं, मंगळवारी संध्याकाळपर्यंत गाणी नीट दिसत होती, नंतरचे दोन दिवस आम्ही बसलोच नाही. मंगळवारनंतर काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. सरांना विचारलं. सर म्हणाले, मी कशाला हात लावतोय, मला पेपर तपासायचे आहेत. अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "मी काय करसू भाऊ? माले तर ते चालू बी करता येत नही."

नथ्थूभाऊंनी पिशवी मांडीवर घेतली. चहा आला. तो बशीत ओतून सावकाश प्यायले. मग म्हणाले, "तिघांनी काही केलं नाही. म्हणजे मशीनने स्वतःच केलं. ते काही बोलणार नाही. मग उद्या दहा वाजता होऊ द्या फॉरमॅट."

आणि उठलेच ते. एक चप्पल पायात घातलीसुद्धा.

आता माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. सांगायचं, नाहीतर अक्कांची गाणी उद्या पुसू द्यायची. देव्हारा समोरच होता. तिकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती, कारण सकाळपासून मी दोनदा खोटं बोलले होते.

मी म्हटलं, "भाऊ, थांबा. मी पुसलंय काहीतरी."

झालं होतं असं की बुधवारी पडद्यावर एक चौकट आली, जागा संपत आली म्हणून. डिक्शनरीत बघून मी अर्थ लावला. अजून दहा-पंधरा गाणी यायची होती, त्यांना जागा नको का? मग शोधता शोधता एका ठिकाणी मला ओळीने लहान लहान चित्रं दिसली. प्रत्येकावर इंग्रजी टी, खाली इंग्रजी नाव. मी विचार केला, ही इंग्रजी अक्षरं असणार. आपली गाणी तर मराठीत आहेत, आपल्याला इंग्रजी कशाला लागतंय? पुसली. काही गेली, काही गेली नाहीत. जी गेली ती पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत जाऊन पडली. आता घरात भरलेली टोपली रात्रभर ठेवायची मला सवय नाही. म्हणून ती पण रिकामी केली.

हे ऐकून नथ्थूभाऊंनी चप्पल काढली.

"म्हणजे वहिनी, तुम्ही मराठीच पुसली," ते म्हणाले. "नाव इंग्रजी होतं, अक्षर मराठी होतं. गाणी कुठं गेली नाहीत. जागेवर आहेत. फक्त त्यांच्या अंगावर कपडे नाहीत."

त्यांनी पिशवीतून बॉबिनचा डबा काढला. त्यात फ्लॉप्या असायच्या, आणि प्रत्येकीची जोडी. मराठी फाँटची फ्लॉपी त्यांनी संगणकात सरकवली. आतून दळण दळल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर सूचना आली की फ्लॉपी वाचता येत नाही. त्यांनी ती बाहेर काढली, तिची पत्र्याची पट्टी सरकवून पाहिली आणि नाकाशी नेली.

"धूप," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का झोपाळ्याच्या कडीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मनुदेवीना अंगारा व्हता घरमा. सून रडी राहिनी व्हती. मी म्हनं, जराखा लावू."

"कुठं लावला, अक्का?" नथ्थूभाऊंनी विचारलं.

"त्याले तोंड शे ना. तोंडमा टाका."

आजाऱ्याला अंगारा कपाळाला लावतात आणि चिमूटभर जिभेवर ठेवतात. त्यात अक्कांचं काय चुकलं? पण सर खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले, आणि त्यांची पाठ हलताना मला दिसत होती. नथ्थूभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी संगणक उघडला, फ्लॉपी घालायचं ते तोंड पेच काढून बाहेर घेतलं आणि ब्रशने अंगारा झाडला. झाडण्याआधी खाली एक कागद पसरला होता. तो अंगारा त्यांनी पुडी बांधून अक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पायाखाली जायला नको."

जोडीतली दुसरी फ्लॉपी घातली. वाचली गेली. फाँट बसला. मी देवाचं नाव घेऊन गाण्यांची फाइल उघडली. तीच इंग्रजी अक्षरं. तशीच टोपीवाली.

नथ्थूभाऊंनी पडदा बघितला, फाँटचं नाव दाखवणारी वरची पट्टी बघितली आणि खिडकीकडे वळून बसले, जिथे सर उभे होते. वर्गात पोरं जशी शिक्षकाच्या नजरेखाली उभी राहतात तसे सर थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी खाकरून सांगितलं की काल सकाळी आपण सहज म्हणून फाइल उघडली होती, अक्षरं विचित्र दिसली, म्हणून सगळ्यांना दुसरा फाँट लावून बघितला, आणि बंद करताना संगणकाने काही विचारलं त्याला हो म्हटलं.

"काय विचारलं होतं?" नथ्थूभाऊ म्हणाले.

"ते कोण वाचतंय," सर म्हणाले.

नथ्थूभाऊ तेव्हा पहिल्यांदा हसले. मग मला म्हणाले, तुम्ही बसा, तुमची फाइल आहे, तुम्हीच करा. त्यांनी सांगितलं तसं मी सगळं निवडलं आणि यादीतून आमचा मराठी फाँट लावला. एका क्षणात पडदाभर मराठी झाली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. मी मोजली नाहीत, पण शेवटच्या गाण्याला आकडा होता.

अक्का म्हणाल्या, वाचून दाखव. मी वर आलेलं पहिलंच वाचलं:

"झोका गया वर, दिसनं मायनं घर,
भाऊ ऊना लेवाले, बैल उभा दारवर."

"भाऊ नही ओ," अक्का म्हणाल्या. "बाप. भाऊ तवय धाकला व्हता."

मी 'भाऊ' पुसून 'बाप' केलं. अक्का मनातल्या मनात ती ओळ पुन्हा म्हणत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. आणि मग एकदम पुढच्या दोन ओळी आल्या, ज्या पौषापासून एकदाही आल्या नव्हत्या. मी टाइप करत गेले. नथ्थूभाऊ पेचकस हातात धरून उभे होते. अक्कांचं होईपर्यंत त्यांनी संगणकाचं झाकणसुद्धा लावलं नाही, आवाज होईल म्हणून.

नंतर सरांनी दुकानात फोन करून उद्याचं रद्द केलं. नथ्थूभाऊंनी एक कोरी फ्लॉपी काढली आणि माझ्याकडून सगळी गाणी तिच्यावर उतरवून घेतली. मी ती घेण्यासाठी हात पुढे केला, देव्हाऱ्यात ठेवते म्हटलं. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली.

"ही माझ्याकडे राहू द्या वहिनी," ते म्हणाले. "तुम्ही घरात तिघं जण आहात."

आखाजीच्या चार दिवस आधी छापखान्यात दिली ती तीच फ्लॉपी; घरातल्या फाइलला तोवर आम्ही तिघांनीही पुन्हा 'काहीच केलं नव्हतं'.