रमाकाकूंनी सांगितलेला अर्ज

आईचा फोन आला तेव्हा मी चिखलीला कॉलेजात होते. "रमा गेली वं," एवढंच ती म्हणाली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… त्याला आता महिना होईल. वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर त्याआधी मनात आलं, आता माझ्या भाचीच्या, परीच्या तारखेला आपल्यासोबत कोण येणार? त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

रमाकाकू उंद्रीत आमच्या शेजारी राहायच्या. गरिबांना कायद्याची मोफत मदत मिळते ना, तिथल्या त्या स्वयंसेविका. बुलढाण्याला बालकल्याण समितीच्या दाराशी बसून येणाऱ्यांना कागद वाचून समजावायच्या. मागे निधी कमी झाला आणि त्यांचा बसायचा दिवस आठवड्यातून एकच उरला. माझी बहीण संगीता तिथे गेली ती नेमकी त्या नसतानाच्या दिवशी. नवरा सोडून गेलेला. ती शेगावला एका लॉजवर खोल्या साफ करायची, आणि तिथे तीन वर्षांच्या परीला ठेवू देत नव्हते. तिला वाटलं, वसतिगृहासारखी सोय असेल, सणावाराला पोरगी घरी येईल. सही करण्याआधी तिने मला फोन केला, कारण घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. मला तासाला उशीर होत होता. "सरकारी कागद सारखेच असतात, कर सही," मी म्हणाले.

तो मूल कायमचं सोडून देण्याचा कागद होता. ती परीला भेटायला बालगृहात गेली तेव्हा कळलं. विचार बदलायला दोन महिने मिळतात, त्यातले चार दिवस उरले होते. ते गेले की परी दत्तक जायला मोकळी. मोफत वकीलही कमी केलेले, आमचा नंबर पुढच्या महिन्यात.

मी काकूंपुढे रडले. "रडून काऊन राह्यली? शिकते न तू? घे पेन." सही मागे घेण्याचा अर्ज त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी त्या आमच्यासोबत बुलढाण्याला आल्या. कारकून म्हणाला, "बाई, आज तुमचा दिवस नाही. मानधन भेटणार नाही."

"मांगतलं काय मी? शिक्का मार."

शिक्का बसल्यावर पायऱ्या उतरताना त्या दोनदा खाली बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील…

अर्ज मुदतीत गेला, पण परी अजून बालगृहातच आहे. ती परत मिळणार की नाही, ते येत्या सोमवारी ठरेल. काल संध्याकाळी संगीता आणि मी काकूंच्या घरी फाईल आणायला गेलो. कुणाचीही तारीख असली की आदल्या दिवशी काकू समोरच्या खोलीत खुर्चीवर बसून स्वतः समिती व्हायच्या, त्या मुलाच्या आईला आडवेतिडवे प्रश्न विचारून तयारी करून घ्यायच्या. काका आतून ओरडायचे, "उठलं काय तुमचं कोर्ट? चहा भेटन काय आज?"

काल काकांनी फाईल दिली आणि तसेच उभे राहिले. मग त्या खुर्चीवर बसले. घसा खाकरला.

"हं, बाई. तू कामावर गेली त पोरीले कोणाजवळ ठेवशीन?"

संगीता माझ्याकडे पाहायला लागली. मग पुटपुटली, "मायजवळ. मायनं रोजाचं काम सोडलं…"

"मोठ्यानं सांग," काका म्हणाले. "तिथं आता रमा नसन."