बिनमापाचे कपडे

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, शिंपिणीच्या नजरेतच टेप आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याचं माप हिला पाठ. पण ही विद्या तिला कुण्या गुरूने दिली नव्हती, घरातल्या पोरीच्या हट्टाने दिली होती.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सावत्र लेक सात वर्षांची होती. फ्रॉक शिवायचा म्हणून शिंपीण टेप घेऊन पुढे झाली, तर पोरगी भिंतीला चिकटली.

"मला हात नाही लावायचा."

शिंपिणीने फ्रॉक अंदाजाने शिवला. तो काखेत काचला. पोरीने मुद्दाम चार दिवस तोच घातला, लाल वळ उठले तरी तोंड उघडलं नाही. ते वळ पाहून शिंपीण मशीनवर डोकं टेकून रडली. मग मात्र तिने डोळ्यांनाच कामाला लावलं. दाराच्या चौकटीत उभ्या पोरीचा खांदा कुठल्या खिळ्यापर्यंत येतो, हे ती रोज बघून ठेवू लागली.

बावीस वर्षं असंच चाललं. गणवेश झाले, कुर्ते झाले. शिवून खुर्चीवर ठेवायचं, लेकीने उचलून घालायचं. बरं नाही की वाईट नाही.

"पालथ्या घड्यावर पाणी घालतेयस," शेजारीण म्हणायची.

"पालथा आहे, फुटका तर नाही ना," शिंपीण सुईत दोरा ओवत म्हणायची. बोलायला सोपं होतं. खरं तर तिची आशा कधीच आटली होती, फक्त हात थांबत नव्हते.

नवरा वारला. दोन खोल्यांत दोघीच उरल्या. आणि मग शिंपिणीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. उरलेलीही टिकली नाही.

शेवटचा कुर्ता तिने चाचपडत शिवला. दुपारी शेजारीण आली.

"अगं, एक बाही उलटी जोडलीस. आणि तुझी लेक तोच घालून ऑफिसला गेली. सांगितलं नाही का तिने?"

नव्हतं सांगितलं. शिंपिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कात्री फडक्यात गुंडाळून मशीनच्या खणात ठेवून दिली.

संध्याकाळी लेक आली, तिच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या हातात टेप दिली.

"माप घ्या."

"आता काय उपयोग? मला कापायला दिसत नाही."

"माहीत आहे. घ्या."

शिंपिणीची बोटं पहिल्यांदा त्या खांद्यावर टेकली. लेकीने मान वळवून आकडा वाचला.

"चौदा."

"मी तर साडेतेरा धरत आले." शिंपीण थांबली. "म्हणजे सगळे खांद्यात काचत असतील."

"काचायचे," लेक म्हणाली. "थोडेसे."

खरं माप हाती आलं होतं आणि शिवणं संपलं होतं. शिंपिणीने त्याच खांद्यावर टेप पुन्हा एकदा चाचपून लावली. लेकीने तिला घाई केली नाही. बाहीचं माप राहिलं होतं म्हणून ती हात लांब करून तशीच उभी राहिली.