अर्धं शटर

लातुरात बंद पुकारला की औषधाच्या दुकानांना सूट असते. तरी दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात. धंदाही होतो, पुढाऱ्याचा मानही राहतो. त्या दिवशी माझ्या मुलीचं फिटचं औषध संपलं होतं. एक डोस चुकला तरी तिला झटके येत. मी वाकून आत शिरलो.

"चिठ्ठी दाखवा, सर. हे औषध चिठ्ठीबिगर देत न्हाई," दुकानदार म्हणाला. चिठ्ठी वाचून त्यानं बाटली काढली, तेवढ्यात शटरवर काठ्या बसल्या.

उपरणी घातलेले चौघे आत घुसले. "भाऊंचा बंद हाय, अन् तू धंदा करायलास?"

"मेडिकलला सूट हाय, दादा."

उत्तरादाखल एकानं त्याच्या कपाळावर काठी हाणली. दुसऱ्यानं काउंटरच्या काचेवर मूठ मारली. काच सिनेमातल्यासारखीच फुटली. हात मात्र सिनेमातला नव्हता. मनगटातून धार लागली. दुकानदार खाली कोसळला होता, पण बाटली त्यानं वर धरली होती. ती मी घेतली.

मूठवाला पांढराफटक पडला. "पट्टी बांध की लवकर," तो कळवळला.

दुकानदार काउंटरला धरून उठला, फळीवरचा कापूस काढला. "दुकान बंद हाय," तो म्हणाला, आणि हातातला कापूस त्यानं स्वतःच्याच कपाळावर दाबला.

बाहेर भाऊ शांततेचं आवाहन करत होते. फोटोही निघत होते.

घरी आधी बाटलीवरचं रक्त धुतलं. मुलीनं नेहमीसारखं तोंड वाकडं करून औषध गिळलं.