पाणी किती, आणि किती वेळात

आमच्या सासऱ्यांइतका रागीट माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि इतक्या लहानशा कारणावरून इतका मोठा राग तर साऱ्या मराठवाड्यात कोणी केला नसेल. कारण एकच होतं. लोक पाणी किती ते सांगत आणि किती वेळात ते सांगत नसत. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांनी उभा जन्म सरकारी कालव्यावर पाणी मोजण्याची नोकरी केली होती. कालव्यात लाकडाची ढलपी सोडायची, ती ठरावीक अंतर किती सेकंदांत जाते ते बघायचं, रुंदी-खोली गुणायची आणि वहीत आकडा लिहायचा. ऊन असो, ताप असो, घरात लग्न असो. निवृत्त झाल्यावर गंगाखेडचं भाड्याचं घर सोडून ते पालमकडच्या आपल्या गावी, वस्तीतल्या बुद्धविहारामागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. सोबत सासूबाई, एक स्टॉपवॉच आणि हा राग एवढंच सामान त्यांनी नेलं, असं माझी बायको सांगते. भांडीकुंडी नंतर टेम्पोनं गेली.

माझी त्यांची पहिली गाठ मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पडली. माझे थोरले काका चारठाण्याकडे शेती करतात. मुलीकडच्यांवर छाप पडावी म्हणून पोहे खाता खाता ते म्हणाले, "आमच्या बोअरला दोन इंची पाणी हाय." मामांनी हातातली बशी खाली ठेवली.

"कशाचं दोन इंच?"

"पाण्याचं," काका म्हणाले.

"पाणी इंचात राहत न्हाई. लाकूड राहतं. मोजणीच्या पत्र्यातल्या खाचेतून दोन इंच उंचीनं पडत असंल, तर तासाला तीन हजार लिटरच्या आतच झालं. पायपाचं तोंड दोन इंच असंल, तर तुमी पाइप मोजला, पाणी मोजलंच न्हाई. कोणतं ते सांगा."

काकांनी ते दोन इंच बारा वर्षं चार गावांत मिरवले होते. त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं. ते लाल झाले, आतून सासूबाई "आवं, पाव्हणे हायेत ते," असं दोनदा म्हणाल्या, आणि हे लग्न काही आता होत नाही अशी माझी खात्री पटली. मुलगी मला पसंत होती. मी घाईघाईनं म्हणालो की गावी गेलो की बादली लावतो, घड्याळ बघतो आणि कळवतो. मामांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. संध्याकाळी त्यांचा होकार आला. मी मात्र खरंच चारठाण्याला जाऊन बादली लावली, कारण हा माणूस पुन्हा विचारणार हे मला कळून चुकलं होतं. त्यानं विचारलंच.

त्यानंतर जावई या नात्यानं मी त्यांच्या रागाच्या पहिल्या रांगेत बसलो. पावसाळ्यात वर्तमानपत्र आलं की घरातली माणसं आपापली कामं काढून बाहेर पडत. धरणातून पाणी सोडल्याची बातमी असे आणि तीत हमखास "इतके क्युसेक प्रति सेकंद" असं छापलेलं असे. मामा लाल पेन घेऊन त्या "प्रति सेकंद"वर इतक्या जोरात रेघ मारत की मागच्या पानावरचं राशिभविष्यही फाटे. मग वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन. "क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट. सेकंद त्याच्या पोटातच हाय. तुमी भाईरून आणखी एक कशाला लावला?" पलीकडचा बिचारा म्हणे, लोकांना समजावं म्हणून. "लोकांना समजंना म्हणूनच म्या फोन करायलोय," असं म्हणून मामा फोन ठेवत आणि उरलेला राग माझ्यावर काढत, कारण मी शाळेत मराठी शिकवतो आणि वर्तमानपत्रं मराठीत निघतात. क्युसेक आणि क्युमेक यांत गल्लत करणारा तर त्यांच्या लेखी गुन्हेगारच होता. "एका क्युमेकमदी पस्तीस क्युसेक. अक्षर एक बदललं की पाणी पस्तीस पट. नदीकाठचा माणूस 'स' वाचून निजला आन् पाणी 'म'चं आलं तर कुठं जाईल तो?" हे ते नदीकाठच्या माणसासारखेच भेदरून विचारत. आमच्या मुलीला बे एकं बेच्या आधी त्यांनी एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस पूर्णांक तीन लिटर हे शिकवलं. बालवाडीच्या बाईंनी तिला "तुला काय येतं" म्हणून विचारलं, तेव्हा तिनं तेच म्हणून दाखवलं, आणि घरी चिठ्ठी आली.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. वस्तीच्या नळाचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं.

गावात नळयोजना झाली. खालच्या अंगाला बोअर, मधे उंच खांबांवर साठ हजार लिटरची टाकी, आणि तिथून घरोघर नळ. वस्ती गावाच्या पार टोकाला, टेकाडावर. पहिल्या महिन्यात वस्तीच्या नळांना करंगळीएवढी धार आली, दुसऱ्या महिन्यात नळ नुसते सुसकारे टाकू लागले. वस्तीतल्या बाया म्हणू लागल्या की खालच्या आळीनं नळाला मोटारी लावल्यात. खालची आळी म्हणू लागली की वस्तीतल्या नळांना तोट्याच नाहीत, ते लोक पाणी सांडून देतात. आम्ही सुट्टीला गेलो त्या दिवशी मामांच्या शेजारच्या शांताबाई खालच्या हातपंपावरून रिकामी घागर घेऊन परत आल्या. "तुमचं पाणी तुमच्याच गटारीत गेलं, इथं का आलात, म्हणून हाकललं मला," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि रिकामी घागर दारात उलटी ठेवून आत गेल्या. वस्तीतले चार-पाच जण काठ्या शोधायला लागले.

मामा उठले. त्यांचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "कुनी जायचं न्हाई. आदी मोजू. मंग भांडू."

आम्ही दोघं बोअरवर गेलो. दोनशे लिटरचं निळं टिपाड टाकीकडे जाणाऱ्या पाइपाखाली लावलं. मामांनी स्टॉपवॉच दाबलं. चार मिनिटांनी टिपाड भरलं. ते रिकामं करून पुन्हा भरलं, मग पुन्हा. तिन्ही वेळा चार मिनिटं, दोन-तीन सेकंद इकडेतिकडे. "मिनिटाला पन्नास लिटर. तासाला तीन हजार," मामा पुटपुटले. मग टाकीच्या खांबाशी आले. तिथं योजनेचा रंगवलेला फलक होता. बोअरची क्षमता : ३००० लिटर प्रति मिनिट.

मामा त्या फलकासमोर किती वेळ उभे राहिले ते त्यांनीही मोजलं नसेल. मी म्हणालो, रंगाऱ्याची चूक असेल. ते म्हणाले, "रंगाऱ्याला कागद कुनी दिला?" मग त्यांना राग आला, आणि तो आधीच्या रागांसारखा नव्हता. "साठ पट, जावईबापू. तासाच्या जागी मिनिट लिवलं आन् साठ पट पाणी कागदावर आलं. असली बोअर असती तर गावातून नदी वाहिली असती. कागदावर ही टाकी वीस मिनिटांत भरती. खरी भरायला वीस तास लागतेत, आन् वीज येती आठ तास. पाणीच न्हाई हो. कुनी चोरलं न्हाई, कुनी सांडलं न्हाई. जे हाय ते खालच्या आळीतच संपतं. आन् माणसं काठ्या काढायलीत."

त्या दिवसापासून ग्रामसभेपर्यंत त्यांनी कोणालाही सोडलं नाही. सरपंचांना म्हणाले, तुमी फलकावर नारळ फोडला, वाचला न्हाई. सरपंच म्हणाले, आकडा तर बरोबरच आहे ना, तीन हजारच आहेत. यावर मामा घरी येऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, आणि सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं तेव्हा "तांब्या किती वेळात भरला?" असं त्यांच्यावरही ओरडले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लय वेळ लागला. हातपंपावरून आणलाय."

ग्रामसभेला योजनेच्या नव्या अभियंता बाई आल्या होत्या. वय तिशीच्या आत. मामांनी टिपाड सभेतच आणून ठेवलं आणि बाईंवर जो भडिमार केला तो ऐकून मला लाज वाटली. बाईंनी फाइल उघडली, बोअर तपासणीचा मूळ कागद काढला आणि वाचला. त्यावर तास लिहिलं होतं. पुढच्या कागदावर, आराखड्यात, मिनिट झालं होतं.

"काका, हे माझ्या आधीचं आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचं बरोबर आहे. एका बोअरवर हे गाव भागणार नाही. दुसरी लागेल. मी आजच लिहून देते."

कोणी आपलं म्हणणं पटकन मान्य केलं की काय करायचं हे मामांना ठाऊक नव्हतं. ते आणखीच भडकले. "मंग इतके दिवस काय करायलते?" असं विचारून बसले. बाईंनी त्यांच्यापुढे मोजणीचा कागद सहीला सरकवला. मामांनी तो दोनदा वाचला, "तीन वेळा मोजलं, प्रत्येक वेळेचे सेकंद लिवा," म्हणाले, आणि सेकंद लिहिल्यावरच सही केली.

दुसरी बोअर मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला. तोपर्यंत मामांनी आहे तेच पाणी वाटून दिलं. टेकाडावरच्या वस्तीला आधी, टाकी भरलेली असताना, मग मधली आळी, शेवटी खालची. मिनिटं ठरलेली. खालच्या आळीनं पहिल्या दिवशी कुरकुर केली, तेव्हा मामांनी त्यांच्याच ओसरीवर त्यांचीच बादली लावून त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. "तुमीच मोजा. मला शिव्या आकडा बघून द्या." त्यांनी मोजलं. शिव्या दिल्या नाहीत असं नाही, पण शांताबाईंना पुन्हा हातपंपावर जावं लागलं नाही. एक वर्षभर हा माणूस रोज सकाळी वाल्व्हपाशी उभा राहून गावावर ओरडत होता आणि गाव त्याचं ऐकत होतं.

दुसऱ्या बोअरचं पाणी आल्यावर काही महिन्यांनीच सासूबाई आजारी पडल्या. परभणीला आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सलाइन अगदी हळू द्यायचं, तासाला चाळीस मिली. मामांनी लगेच हिशेब केला. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे मिनिटाला तेरा थेंब. ते खाटेजवळ स्टुलावर बसले, घड्याळ काढलं आणि मोजायला लागले. मिनिटात चाळीस भरले. पुन्हा मोजले. चाळीसच.

ते उठले आणि वॉर्ड हादरला. "तीन पट सोडायलात तुमी. माणूस मारायलात का?" नर्स धावत आली तोवर त्यांचा हात नळीवरच्या, थेंब कमी-जास्त करायच्या चकतीवर गेला होता. तिनं तो धरला. बारीक अंगाची पोरगी होती, पण हात सोडला नाही.

"आजोबा, ऐका. हा सेट बारीक थेंबांचा आहे. याचे साठ थेंब म्हणजे एक मिली. मिनिटाला चाळीस थेंब म्हणजे तासाला बरोबर चाळीस मिली. पाकिटावर लिहिलंय, बघा."

तिनं कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढून दाखवलं. मामांनी चष्मा लावला. वाचलं. त्यांचे ओठ हलत होते, ते भागाकार करत होते. मी त्यांना ओळखतो त्या इतक्या वर्षांत त्यांचं एकक पहिल्यांदाच चुकलं होतं.

"बरोबर हाय, पोरी," ते म्हणाले. "चुकलं माझं."

सासूबाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "आता तरी बसा की."

ते बसले. नर्स गेल्यावर बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "म्या भ्यालो होतो, जावईबापू. पयल्यापासूनच. कालव्यावर असताना चुकीचा आकडा वर गेला की शेवटच्या शेतात पाणी पोचत नसं. तिथला माणूस येऊन माझ्याकडंच बघायचा. तवापासून भीतीच वाटती. लोकांना वाटतं राग हाय." मी त्यांच्यासाठी चहा आणायला गेलो.

सासूबाई घरी आल्या. वर्षभर बऱ्या होत्या, मग गेल्या. मामा आता आमच्याकडे परभणीलाच असतात. सकाळी पेपर वाचतात, घडी घालून ठेवतात. मुलगी मोठी झाली आहे. मुद्दाम त्यांच्यासमोर काहीतरी चुकीचं बोलते, ते "हं" म्हणतात. परवा वस्तीतून शांताबाई त्यांना भेटायला आल्या होत्या. जयभीम झाला, चहा झाला. जाताना त्या दारात थांबून मला हळूच म्हणाल्या, "गुरुजी, त्यांना एकदा गावाकडं घेऊन या. आता पानी बक्कळ हाय, पण वरडायला कुनी न्हाई." मी आणतो म्हणालो. आत आलो तर मामा खिडकीपाशी बसले होते आणि त्यांच्या चहावर साय धरली होती. कोणीतरी रागवावं असं मला त्या वेळी फार वाटलं. मग मीच जरा चढ्या आवाजात म्हणालो की चहा गार झाला, प्यायचा का नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, किंचित हसले आणि कप उचलला.